आरव्ही-प्रवाशांतील शेजारधर्म

आरव्ही म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा संडासाचीही सोय असलेली मोटार किंवा मोटारीमागे ओढायचा ट्रेलर. अशी वाहने घेऊन मुक्काम करणाऱ्यांत अमेरिका व कॅनडात रूढ झालेली परस्परसाहाय्याची रीत म्हणजे हा शेजारधर्म. घराची, गाडीची आणि सांडपाण्याची दुखणी एकाच सांगाड्यात असल्याने काही ना काही बिघडतेच. मेकॅनिक कोसभर दूर असतो, शेजारी मात्र हाकेच्या अंतरावर असतो आणि त्याचेही तेच कधीतरी बिघडलेले असते. या मदतीमागे चांगुलपणा आहेच, पण गरज त्याहून मोठी आहे.

इथला शेजारी चार दिवसांत बदलतो, म्हणून अनोळखी माणसावर विसंबण्यासाठी काही खूण लागते. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथील डी सोटो पार्कमध्ये मोटारीने फिरणाऱ्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना काढली. तिचे सदस्य रेडिएटरच्या झाकणावर रिकामा पत्र्याचा डबा डाखून लावत. तळ स्वच्छ ठेवणे आणि सहप्रवाशांशी मैत्रीने वागणे हे त्यांचे नियम होते. हस्तांदोलनाची गुप्त पद्धतही होती, जी आज थोडी पोरकट वाटते. १९५५ मध्ये कॅनडातील केंटव्हिल येथे एअरस्ट्रीम ट्रेलरचे निर्माते वॉली बायम यांच्या नावाने क्लब निघाला. त्याचे सदस्य ट्रेलरवर मोठ्या लाल अक्षरांत आपला क्रमांक लावत. सदस्यांच्या यादीत तो पाहिला की समोरचा कोण, कुठला हे कळे.

१९६६ मध्ये यूटा राज्यातील एका ट्रेलरमालकाने मासिकाला पत्र पाठवून सुचवले की, वाटेत अडलेल्याला मदत करायला तयार असलेल्यांनी गाडीवर एक स्टिकर लावावा. बायबलमधील चांगल्या शोमरोनी माणसाच्या (इंग्रजीत ‘गुड समॅरिटन’, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा) दाखल्यावरून त्याला ‘गुड सॅम’ नाव पडले. चिन्ह म्हणून डोक्यामागे तेजोवलय असलेला हसरा चेहरा आला. पुढे त्यातून सदस्यत्व, विमा आणि रस्त्यावरील मदतसेवा विकणारा मोठा व्यवसाय उभा राहिला. ‘मी मदत करीन’ असे सांगणारा स्टिकर ‘मला मदत मिळेल’ असे सांगू लागला, असे म्हटले तर फारसे चूक नाही.

प्रत्यक्ष तळावर मदतीची सुरुवात ट्रेलर रिव्हर्स घेण्यापासून होते. ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळतो, त्यामुळे नवखा चालक गोंधळतो. जुने लोक सांगतात, ‘हात स्टिअरिंगच्या तळाशी धर आणि ट्रेलर ज्या बाजूला हवा त्या बाजूला हात ने.’ मागे उभे राहून हाताने खुणा करणाराही लागतो. तो आरशात दिसेल असाच उभा राहिला पाहिजे, नाहीतर मदतीचा अपघात होतो. त्यानंतर उसनवारी: चाकाखाली घालायचे ठोकळे, पाण्याच्या नळीचा वायसर, सांडपाण्याच्या पाइपाला वळण देणारा जोड. विजेबाबतचा सल्ला मात्र फुकट असला तरी मोलाचा असतो. आरव्हीचे ३० अँपिअरचे सॉकेट १२० व्होल्टचे असते, पण घरगुती वायरिंग करणारे ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचे समजून २४० व्होल्ट जोडतात आणि आतली उपकरणे जळतात. म्हणून ‘प्लग लावण्याआधी मीटरने तपास’ हे नवख्याला आवर्जून सांगितले जाते.

अलिखित मर्यादाही आहेत. दुसऱ्याच्या जागेतून आडवे जायचे नाही. रात्री जनरेटर बंद ठेवायचा. न विचारता कोणाच्या गाडीला हात लावायचा नाही. नवरा-बायको ट्रेलर मागे घेताना भांडत असतील तर बोलावल्याशिवाय जाऊ नये, हे शहाणपणही त्यातच येते.

वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय मुक्काम करण्याला ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. तिथे हा धर्म अधिक दाट होतो. ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइटजवळ ला पोसा येथे सरकारी जमिनीवर परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येते. थंडी टाळायला उत्तरेकडून लोक येतात आणि वाळवंटात तात्पुरती वस्ती वसते. याच परिसरात, गाडीतच राहण्याचा पुरस्कार करणारे बॉब वेल्स यांनी २०१० पासून ‘रबर ट्रॅम्प राँदेव्हू’ हा मेळावा भरवला. गाडीत राहण्याचे धडे तिथे फुकट मिळत, आणि नको असलेल्या वस्तूंचा एक ढीग असे. ज्याला जे हवे ते त्याने उचलावे.

वय झाल्यावर प्रश्न बिकट होतो, कारण गाडी हेच ज्यांचे घर, त्यांना परतायला दुसरे घर नसते. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये ‘एस्केपीज’ हा क्लब सुरू केला. टपाल पुढे पाठवण्याची सोय त्यांनी केलीच, शिवाय टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे ‘केअर’ हे केंद्रही उभे राहिले. आजारी किंवा थकलेले सदस्य तिथे आपल्याच आरव्हीत राहतात. जेवण, शुश्रूषा आणि डॉक्टरकडे ने-आण केंद्र पाहते. कामाला मुख्यतः फिरतीवर असलेले सदस्यच येतात. काही आठवडे राबतात, बदल्यात गाडी उभी करायला जागा आणि जेवण घेतात, मग पुढच्या रस्त्याला लागतात.