तिमोरास्सो की देर्तोना? तोर्तोनाच्या टेकड्यांवरील पांढऱ्या द्राक्षाची पार्श्वभूमी

वायव्य इटलीतल्या पीडमाँट प्रदेशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या तोर्तोना शहराभोवतीच्या टेकड्यांवर आज कोणत्याही वाईनवाल्याकडे चांगली पांढरी वाईन मागितली, तर पुढ्यात येणाऱ्या बाटलीवर ठळक अक्षरांत बहुधा ‘देर्तोना’ असे लिहिलेले असते. ती ज्या द्राक्षाची आहे त्या ‘तिमोरास्सो’चा उल्लेख कधी खाली बारीक अक्षरांत असतो, कधी पाठीमागच्या लेबलवर. चाळीस वर्षांपूर्वी हे वाण संपल्यात जमा होते. ते वाचले, गाजले, परदेशातले ग्राहक नावानिशी विचारू लागले, आणि नेमके तेव्हाच ते नाव मागे सारण्याचा आग्रह सुरू झाला.

वाण या भागात जुने आहे यावर कोणाचा वाद नाही. त्याची घसरण मात्र फिलॉक्सेरानंतरची. मुळे पोखरणारी ही कीड इटलीत 1879 मध्ये सापडली आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक बागा उपटून अमेरिकन खुंटावर नव्याने कलमे बांधावी लागली. सगळी लागवड नव्याने करायची म्हटल्यावर कोणते वाण लावायचे हा प्रश्न आलाच. तिमोरास्सो या हिशेबात हरले. त्याची फळधारणा बेभरवशाची. एकाच घडात टपोरे मणी, त्यांच्या शेजारी आपले बागायतदार ज्यांना शॉट बेरी म्हणतात तसले बारीक मणी, आणि मधे नुसत्या मोकळ्या जागा. शिवाय वेल पालेदार; बगलफुटी काढत राहिल्या नाहीत तर घड सावलीत जातात. मजुरी जास्त, माल कमी. त्याच जिल्ह्यात ‘गावी’ नावाच्या गावाच्या आसपास पिकणारे कोर्तेझे हे वाण भरघोस, नियमित आणि शांत स्वभावाचे. टेकड्यांवर पांढऱ्याच्या जागी कोर्तेझे आले, लाल्यात बार्बेरा टिकून राहिली, आणि खाली कुरोने नदीच्या खोऱ्यात वोल्पेदोच्या पीचच्या बागा वाढल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिलान, तुरिन आणि जेनोआ या तीन शहरांच्या कारखान्यांनी टेकड्यांवरची माणसे ओढून घेतली. मागे राहिलेल्यांची वाईन मोठमोठ्या काचेच्या बुधल्यांतून सुटी विकली जाई. सुट्या वाईनला वाणाचे नाव लागत नाही, दारूचा अंश आणि भाव लागतो. अशा बाजारात तिमोरास्सो जपण्यात काहीच फायदा नव्हता. जुन्या बागांत इतर वाणांमध्ये मिसळलेल्या काही ओळी उरल्या, त्याही बहुधा उपटायचा आळस म्हणून.

1986 मध्ये इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाईनने वीसेक जणांचा बळी घेतला. स्वस्त सुट्या वाईनवरचा विश्वास उडाला. आपल्या नावाने, आपल्या बाटलीत विकणाऱ्या लहान बागायतदाराला एकाएकी किंमत आली. पुढच्याच हंगामात, 1987 मध्ये, मोनलेआले गावातल्या एका तरुण बागायतदाराने घरच्या बागेतले तिमोरास्सो वेगळे काढून त्याची स्वतंत्र वाईन केली. गंडांतरामुळे त्याला ही बुद्धी सुचली असे म्हणणे सोपे आहे, पण तो आधीपासूनच या वेलांच्या मागे लागला होता. काळ मात्र त्याला अनुकूल मिळाला.

वाईन निघाली ती पांढरीच्या प्रचलित कल्पनेत न बसणारी. तेव्हाची इटालियन पांढरी म्हणजे फिकी, हलकी, त्याच उन्हाळ्यात संपवायची. ही वाईन पहिल्या वर्षी अबोल, आंबट आणि जड लागते. चार-सहा वर्षे बाटलीत राहिली की मध, जर्दाळू आणि दगडी खनिजासारखा वास उलगडतो, आणि त्याच्या मागून येतो केरोसिनचा तो हलका दर्प, जो रिझलिंग या जर्मन द्राक्षाच्या जुन्या पांढऱ्या वाईनमध्ये ओळखीचा आहे. नव्या माणसाला बाटली खराब झाली असे वाटते. जाणकार त्याच वासासाठी पैसे मोजतात. दोन-चार शेजाऱ्यांनी अनुकरण केले, मग डझनभरांनी, आणि तीन दशकांत काही ओळींवरून लागवड शेकडो हेक्टरवर गेली.

इथून नावाचा प्रश्न सुरू होतो, आणि तो समजायला शेजारची दोन प्रकरणे पाहिली पाहिजेत. ईशान्य इटलीतल्या फ्रिऊलीच्या लोकांनी ‘तोकाई’ नावाचे द्राक्ष पिढ्यानपिढ्या पिकवले. हंगेरीने म्हटले, तोकाय हा आमचा प्रदेश. 1993 च्या करारात हंगेरीची बाजू वरचढ ठरली आणि 31 मार्च 2007 नंतर फ्रिऊलीला ते नाव बाटलीवर लावता येईना. वाईन तीच, नाव ‘फ्रिऊलानो’. दुसरे प्रकरण प्रोसेको या फेसाळ वाईनचे, आणि तिथे इटलीने हाच डाव स्वतः खेळला. 2009 पर्यंत प्रोसेको हे द्राक्षाचे नाव होते. त्या वर्षी द्राक्षाचे नाव बदलून ‘ग्लेरा’ केले, त्रिएस्तेजवळचे प्रोसेको नावाचे खेडे हद्दीत घेतले, आणि प्रोसेको अधिकृतरीत्या एका प्रदेशाचे नाव झाले. ऑस्ट्रेलियातले बागायतदार अजून म्हणतात की आम्ही लावले तेव्हा ते द्राक्षच होते.

दोन्हींतून निघणारा धडा एकच. द्राक्षाचे नाव कोणाच्या मालकीचे होत नाही, गावाचे होऊ शकते. तिमोरास्सोची कलमे उद्या सिसिलीत किंवा कॅलिफोर्नियात लागली, तर तिथला माणूस त्याला तिमोरास्सोच म्हणणार आणि तोर्तोनाकरांना बघत बसावे लागणार. म्हणून सुरुवातीच्या उत्पादकांनी शहराचे रोमन नाव, देर्तोना, बाटलीवर आणले. रोमन काळात हे जेनोआहून निघणाऱ्या पोस्तुमिया मार्गावरचे महत्त्वाचे ठाणे होते. पीडमाँटमध्ये असे करणे नवीन नाही: बारोलो या नामांकित लाल वाईनचे नाव गावाचे आहे, द्राक्ष नेब्बिओलो, गावी हे गाव आहे, द्राक्ष कोर्तेझे.

विरोधकांचे म्हणणे मात्र झटकून टाकण्यासारखे नाही. तीस वर्षे घालून लोकांच्या तोंडी ‘तिमोरास्सो’ बसवले. आता ‘देर्तोना’ म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे? दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. देर्तोना हे अख्ख्या शहराचे, अख्ख्या टेकड्यांचे नाव. तिथे बार्बेरा आहे, क्रोआतिना आहे, कोर्तेझे आहे. हलाखीच्या दिवसांत घरे ज्या बार्बेराने चालवली तिला बाजूला ठेवून, अगदी बुडायला आलेल्या एका वाणाला शहराचे नाव बहाल करायचे? बार्बेराच्या वाट्याला ‘मोनलेआले’ हे एका गावाचे नाव आले, ते बाहेर फारसे कोणाला माहीत नाही. लाल वाईन करणाऱ्या जुन्या घरांची नाराजी समजण्यासारखी आहे. तरीही माझ्या मते निर्णय बरोबर होता. नाव वेळेवर बांधून घेतले नाही तर काय होते हे फ्रिऊलीने भोगले आहे.

नाव लावले तसे त्याचे नियमही हवेत, म्हणून स्वतंत्र उपक्षेत्राचा, म्हणजे अधिकृत वाईन-प्रदेशातल्या वेगळ्या हद्दीचा, प्रस्ताव पुढे आला: लवकर प्यायची ‘पिक्कोलो देर्तोना’, तिच्या वरची ‘देर्तोना’, आणि जास्त मुरवलेली ‘रिझेर्व्हा’. तिमोरास्सोला खरे तर लवकर पिण्यात काही राम नाही. पण वर्षानुवर्षे माल तळघरात अडकवून ठेवणे लहान बागायतदाराला परवडत नाही, आणि पहिली पायरी त्याच्यासाठीच आहे.

या भागात जागेच्या नावाचे वजन सगळेच ओळखून आहेत. कास्तेल्लानिया या खेड्याने 2019 मध्ये, तिथे जन्मलेल्या महान सायकलपटूच्या जन्मशताब्दीला, स्वतःच्या नावापुढे ‘कोप्पी’ हे त्याचे आडनाव जोडून घेतले. त्याच खेड्याजवळच्या ओढ्यात भूवैज्ञानिकांचा ‘तोर्तोनियन’ काळ, म्हणजे सुमारे 1 कोटी 16 लाख ते 72 लाख वर्षांपूर्वीचा, प्रमाण म्हणून मोजला गेला. हे नावही तोर्तोनावरूनच. त्या काळातली निळसर-करडी चुनखडीयुक्त माती शेजारच्या सांत’आगाता फोस्सिली गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि बारोलोच्या पश्चिमेकडच्या उतारांवरही हीच माती आहे.

बारोलोवाल्यांना हे माहीत होते. त्यांच्याकडे जमिनीचे भाव आकाशाला भिडलेले, आणि यादीत दाखवायला मुरणारी पांढरी वाईन नाही. गेल्या काही वर्षांत तिथल्या अनेक मोठ्या घरांनी तोर्तोनाच्या टेकड्यांवर जमिनी घेऊन तिमोरास्सो लावले. बाग हद्दीत असली की झाले. ‘देर्तोना’ हे नाव त्यांनाही तितकेच लागू होते. ज्यांना बाहेरच्यांपासून नाव राखायचे होते, त्यांच्यात यावर आता दोन तट आहेत. एका तटाला वाटते की मोठ्या घरांमुळे भाव चढेल आणि सगळ्यांचेच भले होईल. दुसरा तट विचारतो, जमीन याच दराने महागत गेली तर घरच्या पोरांनी नवी बाग कुठे लावायची?