मेथीचा वास आणि घोड्याची जीभ

वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला बाजारात मेथीदाण्याची गोणी उघडली की वास पार पलीकडच्या गाळ्यापर्यंत जातो. घोड्यालाही हा वास मनापासून आवडतो. घोडा म्हटला की आपल्याला गाजर, गूळ आणि हरभरे आठवतात. मेथीचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. पण २००५ साली इंग्लंडमधल्या गुडविन, डेव्हिडसन आणि हॅरिस या संशोधकांनी पागेतल्या घोड्यांना एकच खाद्य पंधरा वेगवेगळ्या स्वादांत देऊन पाहिलं, तेव्हा पहिला नंबर मेथीचा आला. त्याखालोखाल केळं, चेरी, रोझमेरी, जिरे, गाजर, पुदिना आणि ओरेगॅनो. आलं, लसूण, हळद, धणे, इतकंच काय सफरचंदही या चाचणीत होतं, पण पहिल्या आठात त्यांपैकी एकही नाही. घोडे एरवी नाराजीने खात असलेल्या खनिजांच्या गोळ्यांना मेथीचा किंवा केळ्याचा स्वाद दिल्यावर त्या लवकर संपल्या. घोडा पाळणाऱ्याच्या दृष्टीने या प्रयोगातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

हे पटायला घोडा खातो कसा, ते जवळून पाहावं. चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची बादली पुढे ठेवली की तो लगेच तोंड घालत नाही. आधी नाकपुड्या रुंद करून हुंगतो. मग वरचा ओठ कामाला लागतो. हा ओठ बोटांसारखा वळतो, दाणे चाळतो, नको ते बाजूला सारतो. तोंडाच्या अगदी खालचं घोड्याला दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांची जागा ओठ आणि त्यावरचे लांब राठ केस घेतात. म्हणूनच ते केस ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून कापू नयेत. जिभेची पाळी या सगळ्यानंतर येते. म्हणजे घोड्याची ‘चव’ निम्म्याहून अधिक वासाने आणि स्पर्शाने ठरते, आणि नाकाला न पटलेला पदार्थ बहुधा जिभेपर्यंत पोचतच नाही.

इतकी पारख लागते, कारण घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की गिळलेलं परत येत नाही. निवड करायची ती गिळण्याआधीच.

जीभ काय ओळखते, याचे आकडे १९७८ सालच्या एका प्रयोगात मिळतात. शिंगरांपुढे एका भांड्यात साधं पाणी आणि दुसऱ्यात चवीचं पाणी ठेवलं होतं. १०० मिलिलिटरला सव्वा ते १० ग्रॅम साखर घातलेलं पाणी त्यांना साध्या पाण्याहून जास्त आवडलं. १० ग्रॅम म्हणजे कपभर चहात दोन चमचे, अगदी आपला गोड चहा. मीठ ०.६३ ग्रॅमच्या वर गेलं की पाणी नको. आंबट नावडतं. कडू क्विनीन मात्र १०० मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच त्यांनी नाकारलं. टॉनिक वॉटरमध्ये अमेरिकेत याच्या निम्म्याहून कमी क्विनीन घालता येतं, आणि तेवढ्यानेही आपलं तोंड कडू होतं. तेव्हा कडू चव घोड्याला विषापासून वाचवेल, अशी खात्री बाळगू नये.

आता औषधाचं पाहू. कडू पूड कोरड्या चंदीत टाकली की घोडा दाणे खातो आणि बादलीच्या तळाशी पांढरा थर उरतो. औषध गेलं कुठे? कुठेच नाही, ते तिथेच आहे. पूड दाण्याला चिकटली पाहिजे. त्यासाठी आधी अर्धा किलोच चंदी घ्यावी, भिजवलेले हरभरे किंवा चुनी (डाळीचा भरडा) चालेल. त्यात अर्धा कप गुळाचं पाणी आणि चहाचा एक चमचा मेथीपूड घालून सगळं ओलसर करावं आणि मग औषध कालवावं. हे संपल्यावर उरलेली चंदी द्यावी. पहिल्याच दिवशी औषध घातलं तर घोडा मेथीच्या वासाची सांगड त्या कडूपणाशी घालतो आणि मग मेथीही गमावली जाते. म्हणून दोन-तीन दिवस आधी नुसती मेथी देऊन सवय करावी. काही औषधं ओल्या खाद्यात किंवा उपाशीपोटी चालत नाहीत, तेव्हा पशुवैद्याला एकदा विचारावं.

गोडाची आवड मात्र सांभाळूनच वापरावी लागते. ठाण्यात लग्नसराईत वरातीच्या घोडीला कुणी पेढा देतं, कुणी बुंदीचा लाडू. ती प्रत्येक वेळी घेते, कारण ‘पुरे’ म्हणणं जिभेच्या कामात येत नाही. जास्त साखर आणि पिठूळ धान्य पोटात गेलं की खुरांच्या आतल्या थराला सूज येते, आणि त्या दुखण्याने घोडी कायमची लंगडी होऊ शकते. ४०० किलोच्या जनावराला एका वेळी दोन किलोहून जास्त चंदी नको. कडबा, गवत, लसूणघास मिळून सुकं वैरण दिवसाला किमान सहा किलो हवं. लाळ चघळण्यानेच सुटते आणि जठरातलं आम्ल तीच शमवते. चंदी भराभर गिळली जाते, वैरण चघळायला वेळ लागतो. गाजर उभं चिरावं, गोल चकत्या घशात अडकतात.

मिठाचं वेगळं आहे. सोडियमची भूक घोड्याला खरोखर लागते. कमी पडलं की तो भिंती चाटतो, माती चाटतो, लगाम धरणाऱ्याचा घामट हातही चाटतो. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो, लिटरमागे साधारण तीन ग्रॅम सोडियम जातं. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत जरीची झूल पाठीवर घेऊन दोन तास उभी असलेली घोडी किती लिटर घाम गाळत असेल, याचा विचार करा. निवांत दिवशी ४०० किलोच्या घोडीला २० ग्रॅम मीठ पुरतं, घामाच्या दिवशी घामाच्या दर लिटरमागे आणखी आठ ग्रॅम धरावं. ते चंदीत द्यावं. पाण्यात घालायचंच असेल तर शिंगरांच्या त्या ०.६३ ग्रॅमच्या हिशेबाने १५ लिटरच्या बादलीत ९५ ग्रॅमच्या बरंच खाली राहावं आणि शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवावीच. चव न पटल्याने तहानलेली घोडी पाण्यापासून लांब राहिली, तर पोटशूळ ओढवतो. सैंधवाचा खडा आडोशाला टांगावा, पावसाळी हवेत तो उघड्यावर पाझरून जातो.

पावसाळ्यात घोडा खायला तोंड लावत नसेल तर त्याला हट्टी म्हणण्याआधी गोणीत हात घालून वास घ्या. तांदळाच्या कोंड्यात तेल भरपूर असतं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) कोंड्यातच असतं, त्यामुळे दमट उष्ण हवेत तो थोड्या दिवसांत खवट होतो. कोंडा आठवड्याला पुरेल इतकाच आणावा. बुरशी लागलेल्या गवताची गंजी वरून सुकी दिसते, पण आत हात घातला तर ऊब लागते. असं वैरण गूळ शिंपडून खपवू नये. घोड्याचं नाक बरोबर सांगत असतं आणि आपण ते गोडाने गप्प करतो.

नाकाची आणि जिभेची ही पारख एका ठिकाणी मात्र साफ फसते. पोनींवर १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नवं खाद्य खाल्ल्याबरोबर मळमळ झाली तर त्यांनी पुढे ते टाळलं. मळमळ अर्ध्या तासाने झाली तर दोन्हींचा संबंध त्यांना जोडता आला नाही. सावकाश भिनणाऱ्या विषातून घोडा शिकत नाही, तो याचमुळे.

आणि नवी मुंबईत, ठाण्यात रस्त्याच्या दुभाजकांत कण्हेर लावलेली असते. तिचं ताजं पान कडू असल्याने घोडा सहसा सोडून देतो. पण छाटणीनंतर तेच पान कापलेल्या गवतात मिसळून सुकलं की ओठाला ते वेगळं काढता येत नाही. विष सुकल्यावरही तसंच राहतं, थेट हृदयावर काम करतं, आणि मूठभर पानं मोठ्या घोड्याचा जीव घेऊ शकतात. रस्त्याकडेला छाटणीचा ढीग असेल तिथे घोडा बांधू नये. फुकट मिळालेलं गवत चटईवर पसरून हाताने निवडावं, लांबट, जाड, मधोमध पांढुरकी शीर असलेलं पान दिसलं की सगळा भारा टाकून द्यावा.