निळा रंग, काळं कापड, मळके पाय

युरोपातल्या जुन्या चित्रांत श्रीमंती आधी रंगात असायची, मग माणसांच्या अंगावर. चित्रकार गिर्लांदायोने इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी वेदीचं चित्र काढायचं ठरलं, तेव्हा १४८५च्या करारातच लिहून घेतलं गेलं: मोबदला ११५ फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी), आणि निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिनचा अल्ट्रामरीनच हवा.

हा निळा अफगाणिस्तानाकडच्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडातून निघे. दगड नुसता वाटला तर करडी भुकटीच हाती येते, कारण त्यात पांढरट खनिजं मिसळलेली असतात. म्हणून चेन्नीनो या जुन्या इटालियन चित्रकाराने आपल्या पुस्तकात कृती दिली आहे: पौंडभर भुकटीला सहा औंस राळ, तीन औंस रुमी मस्तकी (एक झाडाचा डिंक) आणि तीन औंस मेण वितळवून घालायचं, गोळा किमान तीन दिवस मुरवायचा, मग राखेच्या पाण्यात मळायचा. निळे कण पाण्यात उतरतात, घाण गोळ्यातच राहते. पहिला उतारा सर्वांत गर्द आणि महाग, शेवटचा राखाडी. पैसे वाचवायला पुढे अनेकांनी स्माल्ट, म्हणजे कोबाल्टच्या काचेची पूड, वापरली. तेलात तिच्यातलं पोटॅशियम निघून जातं आणि निळा विटतो. जुन्या चित्रातलं आकाश आज मळकट करडं दिसलं, तर आधी स्माल्टचा संशय घ्यावा.

कापडाचंही असंच. गडद काळा रंग आज साधा वाटतो, पण टिकाऊ काळ्यासाठी आधी निळीत आणि मग दुसऱ्या रंगांत कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागे. मायफळ आणि लोखंडाचा स्वस्त काळा धागाच खाऊन टाकतो. तेव्हा चित्रांतल्या डच व्यापाऱ्यांचे काळे कपडे साधेपणाची खूण आहेत असं लगेच मानू नये. यान व्हान आयकच्या १४३४च्या, आर्नोल्फिनी या व्यापारी जोडप्याच्या चित्रात खिडकीबाहेर चेरीचं झाड फळलेलं आहे, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे. तरी नवराबायको दोघांच्याही अंगावर फरचं अस्तर. खिडकीपाशी संत्री ठेवलेली, तीही उत्तरेत दुरून आणावी लागणारी.

गरीब मात्र बराच काळ दात्याच्या सोयीने चित्रात येई: संत मार्टिन झगा कापून देतो आहे, आणि भिकारी घ्यायला उभा. नुसत्या भिकाऱ्यांना जागा मिळाली तरी ती लहानच: फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेलचं १५६८चं भिकाऱ्यांचं चित्र जेमतेम १८.५ बाय २१.५ सेंटिमीटरचं आहे.

गरिबांच्या चित्रणातला बदल हळूहळू झाला, आणि माझ्या मते त्याचं मूळ पैशाच्या हिशेबातच आहे. १४३५मध्येच चित्रकलेवर लिहिणाऱ्या इटालियन आल्बेर्तीने म्हटलं होतं की सोनं दाखवायला सोन्याचा वर्ख नको, रंगानेच दाखवावं. मोल मालाकडून हाताच्या कसबाकडे सरकलं, तसा मळही चितारण्याजोगा ठरला. इटालियन चित्रकार काराव्हाज्योच्या ‘लोरेतोची मॅडोना’ या मेरीमातेच्या चित्रात गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे थेट पाहणाऱ्याकडे वळलेले आहेत. स्पेनमधल्या सेव्हियाच्या मुरिय्यो या चित्रकाराचा भिकारी पोरगा, साधारण १६४५ ते १६५०चा, कोपऱ्यात बसून उवा शोधतो. खिडकीतून येणारं ऊन नेमकं त्याच्यावर पडतं, फाटक्या कपड्यांसकट. जमिनीवर कोळंबीची टरफलं, कलंडलेल्या टोपलीतून बाहेर आलेली फळं, शेजारी मातीचं मडकं. तपकिरी, पिवळसर रंगांत हे सारं बसतं. मातीतून निघणारे असे रंग कायमच सर्वांत स्वस्त.

आकाराची पायरी उरली होती. मोठा कॅनव्हास राजे, संत आणि लढायांसाठी राखलेला असे. फ्रेंच चित्रकार कूर्बेने १८४९मध्ये दगडफोडे जवळपास माणसाएवढे काढले, चेहरे लपवून, ठिगळं मात्र स्पष्ट दाखवून. ते चित्र १९४५मध्ये ड्रेस्डेनजवळ नष्ट झालं. दुसरा फ्रेंच चित्रकार मिये, त्याचं १८५७चं सरवा वेचणाऱ्या बायांचं चित्र ८३.५ बाय १११ सेंटिमीटरचं, म्हणजे आकाराने काही अवाढव्य नाही. पण त्यात तिघी पुढे, वाकलेल्या, वजनदार. मागे उन्हात गंजींचे ढीग, भरलेली गाडी, आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम, बोटाच्या पेराएवढा.