रेघ म्हणजे गप्प बसणं नव्हे

बेळगाव-खानापूरकडच्या भजनी मंडळांत नव्याने पेटी शिकणाऱ्याला अजून सांगतात, ‘स्वरलिपीत रेघ आली की थांबायचं.’ हे साफ चूक आहे. भातखंडे पद्धतीत, म्हणजे पं. भातखंडे यांनी रूढ केलेल्या सूर लिहिण्याच्या रीतीत, ‘सा - - रे’ लिहिलं, तर सा तीन मात्रा (तालाचे ठोके) धरायचा, चौथीला रे. सुरांखाली लिहिलेल्या गाण्याच्या शब्दांतला ‘ऽ’सुद्धा अक्षर लांबवायलाच असतो. तिथे पेटीवरचं बोट उचललं की गाणाऱ्याचा आधार सुटतो, अभंगाची चाल तुटते. फार जिवाला लागतं ते.

बॅंडवाल्यांच्या पाश्चात्त्य लिपीत विश्रांतीला वेगळ्या खुणा आहेत: सूर लिहायच्या पाच आडव्या ओळींपैकी खालून चौथ्या ओळीला लोंबणारी पट्टी चार मात्रांची, तिसरीवर बसलेली दोन मात्रांची. आपल्या वहीत खरंच थांबायचं असेल, तर त्या मात्रेखाली सरळ ‘थांबा’ लिहा.