पद्धत आधी ठरायची, बाई नंतर शोधायची: गर्भनिरोधनाची थोडी पार्श्वभूमी

दुसरं मूल झालं की सासू, शेजारीण, आशाताई सगळ्यांचा प्रश्न एकच, "मग ऑपरेशन कधी?" बीपी आहे का, अंगावर पाजतेस का, अजून मूल हवंय का, हे विचारायच्या आधीच उत्तर तयार असतं. आकड्यांतही तेच दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्याची नसबंदी फक्त 0.3 टक्के. डॉक्टरांशी बोलून आपल्याला झेपेल ती पद्धत निवडायची ही आज साधी वाटणारी गोष्ट आपल्याकडे फार उशिरा आली, कारण बराच काळ पद्धत वर कुठेतरी ठरायची आणि ती बसवायला बाई (किंवा बाप्या) नंतर शोधला जायचा.

गंमत म्हणजे सुरुवात अशी नव्हती. र. धों. कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, पेशाने गणिताचे प्रोफेसर, त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं त्याच वर्षी. तेव्हा बाईच्या हातातलं मुख्य साधन म्हणजे रबरी डायफ्रॅम (योनीत आत बसवायची टोपी), आणि तो मापाने घ्यावा लागतो, बाळंतपणानंतर माप बदलू शकतं, कसा बसवायचा हे शिकवावं लागतं. म्हणजे समोर बसून बोलल्याशिवाय साधन देताच येत नव्हतं. या उद्योगापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, 1927 पासून स्वतःचं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते थेट 1953 मध्ये वारेपर्यंत, अश्लीलतेचे खटले झाले, 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. पुढे 1938 मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, पक्षाचे आमदार रोहम यांनी तो मांडला, तोही पडला.

दुसरीकडे गांधीजी. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, खूप वाद घातला, पण गांधीजी संयमावर ठाम राहिले, साधनं नकोतच. याचा परिणाम स्वातंत्र्यानंतर दिसला. 1952 मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, असं करणारा जगातला पहिला देश, पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी, त्यामुळे पहिला भर 'सुरक्षित दिवस' पाळण्यावर. त्यासाठी बायकांना मण्यांची माळ दिली, हिरवे मणी सुरक्षित दिवसांचे, लाल मणी धोक्याचे, रोज एक मणी सरकवायचा. आता कंदिलाच्या उजेडात हिरवा कुठला नि लाल कुठला ते बघा, आणि ज्या बाईची पाळीच महिन्याला मागेपुढे होते तिच्या माळेचा हिशोब कोण लावणार! शिवाय लाल मण्याच्या रात्री नवऱ्याला नाही म्हणायची सोय किती घरांत होती हा प्रश्न वेगळाच.

मग 1965 मध्ये लूप आला. अमेरिकेतल्या डॉ. लिप्स यांनी बनवलेली गर्भाशयात बसवायची प्लास्टिकची वेटोळी, एकदा बसवली की विसरून जा, असा प्रचार. पहिल्याच वर्षात आठ लाखांच्या आसपास बायकांना बसवली आणि दोनेक वर्षांत आकडा गडगडला. का, तर लूपने अंगावरून जास्त जातं, आणि आपल्याकडच्या बायका आधीच रक्ताने कमी. हिमोग्लोबिन बघणं, आतून तपासणं, "पहिले काही महिने जास्त जाईल, घाबरू नकोस, नाही झेपलं तर ये, काढून टाकू" एवढं सांगणं, यातलं कितीतरी ठिकाणी काहीच झालं नाही, कारण दिवसाचं टार्गेट गाठायचं होतं. बायकांनी परस्पर काढून घेतले, अफवा उठल्या, लूप बदनाम झाला तो झालाच. माझ्या मते आज तांबी (कॉपर-टी, तीही गर्भाशयातच बसवतात) म्हटलं की गावाकडे जी भीती निघते, तिचं मूळ बरंचसं इथे आहे, म्हणजे साधनात कमी आणि न सांगण्यात जास्त.

मधल्या काळात लाल त्रिकोण (कुटुंब नियोजनाचं चिन्ह), निरोध (सरकारी कंडोम, 1968, तीनाचं पाकीट 15 पैशांत), नसबंदीचे कॅम्प, ऑपरेशनमागे रोख रक्कम हे सगळं चालू होतं. आणीबाणीत काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे, 1976-77 या एका वर्षात 80 लाखांवर नसबंदी ऑपरेशनं, त्यातली बहुतेक पुरुषांची. आपल्याला फारसं माहीत नसतं ते हे की सक्तीच्या नसबंदीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्र होतं, 1976 मध्ये, फक्त राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. नंतर कुठल्याही सरकारने पुरुषांच्या वाटेला जायची हिंमत केली नाही आणि सगळा भार बायकांवर आला, 'बिनटाक्याचं' म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन, तेही कॅम्पमध्ये रांगेने. खरं तर पुरुषांचं ऑपरेशन सोपं, पोट उघडायला नको, आता तर टाकाही लागत नाही, फक्त तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्यतपासणी करून खात्री करायची, पण ते ऐकायला नवरा ओपीडीत आत यायला पाहिजे ना.

गोळीची कथा वेगळी. 1960 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन हे हार्मोन 150 मायक्रोग्रॅम होतं, आज सरकारी दवाखान्यातल्या माला-एन गोळीत 30. मधल्या काळात काही बायकांच्या पायात, फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा कुठे लक्षात आलं की ही गोळी सरसकट सगळ्यांना देता येत नाही. डॉक्टर बीपी बघतात, सिगारेट ओढता का विचारतात, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का विचारतात, ते त्यातूनच आलेलं आहे. टीबीची औषधं चालू आहेत का हेही विचारतात, कारण त्यातल्या रिफॅम्पिसिनने गोळीचा असर कमी होतो आणि आपल्याकडे टीबी काय कमी नाही.

इंजेक्शनाबद्दल तर ऐंशीच्या दशकात मोठा लढा झाला. नेट-एन नावाच्या इंजेक्शनाच्या चाचणीत बायकांना नीट माहितीच दिली नाही म्हणून हैदराबादची स्त्री शक्ती संघटना 1986 मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. तीन महिन्यांनी घ्यायचं डेपो नावाचं दुसरं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने यायला त्यानंतर तीस वर्षं गेली. त्याच सुमारास 'छाया' आली, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली बिनहार्मोनची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ही 1991 पासून 'सहेली' म्हणून दुकानात होती, अगदी आपल्या देशातली, तरी कित्येकींनी नावही ऐकलेलं नसतं.

वळण आलं ते 1996 मध्ये. सरकारने वरून येणारी टार्गेटं कागदावर तरी बंद केली, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कुठल्या तब्येतीच्या बाईला कुठली पद्धत चालेल याचे एक ते चार असे वर्ग केले, एक म्हणजे बिनधास्त, चार म्हणजे अजिबात नको. बाळंत होऊन सहा आठवडे झाले नाहीत आणि अंगावर पाजतेय, तर साधी मिश्र गोळी (माला-एनसारखी, दोन हार्मोनची) चार नंबरला, तांबी मात्र बाळंतपणानंतर 48 तासांतही बसवता येते. कारण न कळता रक्तस्राव होत असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं, तांबीचं नंतर बघू.

कागदावर म्हटलं ते उगाच नाही. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका कॅम्पात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली, 13 जणी गेल्या. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने असे कॅम्प तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं.

आता प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध, माला-एन, छाया, अंतरा, तांबी सगळं फुकट मिळायला हवं असं धोरण आहे. पण वर म्हटलेल्या त्याच पाहणीत, आपण वापरतो त्या पद्धतीचा त्रास काय होऊ शकतो हे कधीतरी कुणी सांगितलं, असं म्हणणाऱ्या बायका 62 टक्क्यांच्या आसपास आहेत. बाकीच्यांना अंतराने पाळी बंद होऊ शकते आणि सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे बहुधा पाळी चुकल्यावरच कळतं.