शिवेवरचे ऑफिस : नाशिकच्या कारखान्यांनी शेताकडे पाठ का फिरवली?

त्र्यंबक रोडने सातपूर एमआयडीसी मागे पडली की पत्र्याच्या शेड संपतात आणि शेते लागतात. दोन्हींच्या मध्ये बहुतेक ठिकाणी एक कंपाउंडची भिंत असते, बाकी काही नाही. भिंतीच्या अलीकडे भंगाराचा ढीग, रिकामे बॅरल आणि जनरेटर. पलीकडे उभे पीक. कंपनीचे ऑफिस मात्र प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, गेटजवळ, रस्त्याकडे तोंड करून बसलेले. अशा कडेच्या प्लॉटवर नवे ऑफिस बांधायचे ठरले की ते शेताच्या बाजूला न्यावे असे अनेकांना वाटते, मलाही वाटते. पण आजवर तसे का झाले नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

नाशिकच्या औद्योगिक इमारतींची सुरुवातच बंद भिंतीने झाली. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आली. त्याआधी भारताची टपाल तिकिटे लंडनहून छापून यायची. तिकिटे आणि नोटा छापणारी जागा, तेव्हा उंच भिंत आणि पहारा ओघानेच आला. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तोही संरक्षण खात्याचा आणि तसाच बंदिस्त. त्यामुळे कारखाना म्हणजे भिंतीआडचे वेगळे जग, ही सवय नाशिकला खासगी उद्योग मोठ्या प्रमाणावर येण्याआधीच लागली होती.

त्याच सुमारास, १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. सातपूर आणि पुढे अंबड याच रचनेतून घडले. एमआयडीसी जमीन संपादित करते, रस्ते आखते, पाणी आणते आणि प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. उद्योजकाला जे हवे ते सगळे रस्त्याकडून येते: पाण्याची लाइन, वीज, कच्चा माल, कामगारांची बस. म्हणून गेट रस्त्यावर, गेटला लागून टाइम ऑफिस, त्याशेजारी ॲडमिन ब्लॉक, मागे शेड आणि शेडच्या मागे उरलेले सगळे. शेताला पाठ दाखवायची असे कोणी ठरवले नव्हते. रस्त्याला तोंड दिले, पाठ आपोआप शेताकडे गेली.

शेडचे मात्र तसे नव्हते. जुन्या शेडचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर आठवा. त्याला नॉर्थ लाइट म्हणतात, कारण काच उत्तरेकडे असते आणि आत येतो तो थेट ऊन नसलेला, सावलीविरहित उजेड. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे झुकतो. पण जूनच्या मध्यानंतर ढग भरून येतात आणि अडचण फारशी उरत नाही. म्हणजे लेथवर काम करणाऱ्या माणसासाठी सूर्याचा विचार झाला होता. टेबलावर काम करणाऱ्यासाठी फक्त रस्त्याचा.

ऑफिसने कारखान्याशी जोडून राहावे की भोवतालच्या परिसराकडे तोंड करावे, हा पेच इतरत्र कसा सोडवला गेला? अमेरिकेतल्या रसीन गावी जॉन्सन वॅक्स कंपनीचे ऑफिस १९३९ मध्ये पूर्ण झाले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचा आग्रह होता की ऑफिस गावाबाहेर न्यावे. मालकाने ऐकले नाही, जागा कारखान्याशेजारचीच राहिली. मग राइट यांनी इमारतच आत वळवली: बाहेरचे दिसावे अशी खिडकी जवळजवळ नाही, उजेड वरून, काचेच्या नळ्यांमधून झिरपणारा. जॉन डिअर या शेतीअवजारांच्या कंपनीने अमेरिकेतल्याच मोलीनला बरोबर उलटे केले. वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी आखलेले तिचे मुख्यालय १९६४ मध्ये कारखान्यांपासून दूर, झाडीतल्या घळीवर आडवे उभे राहिले. त्याचे पोलाद मुद्दाम गंज धरणारे, नांगरलेल्या मातीच्या रंगाचे. एकाने परिसर नाकारला, दुसऱ्याने कारखाना मागे सोडला. शिवेवर उभे राहून दोन्हींकडे पाहण्याचे काम दोघांनीही केले नाही. आपल्याकडचे जवळचे उदाहरण म्हणजे किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर नांगर बनवणारा कारखाना आणि त्याच्या माणसांची वस्ती एकत्र वसली. नांगर ज्या मातीत चालणार ती माती दाराशीच होती.

नाशिकला एकच एक 'ग्रामीण परिसर' नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. गोंदे-वाडीवऱ्हेच्या कारखान्यांशेजारी भाताची खाचरे आहेत, दिंडोरीकडे द्राक्षबागा, सिन्नरला जिरायती माळ. त्र्यंबक-इगतपुरीचा धो धो पाऊस पूर्वेकडे येता येता झपाट्याने कमी होतो. शिवाय शीव सरकत राहते. सातपूर कधीकाळी गाव होते. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली, त्यात ते आले आणि आज भर शहरात आहे. भाडेपट्टा ९५ वर्षांचा असला तरी शेजारच्या गटाचा सातबारा पुढच्या वर्षी कोणाच्या नावावर असेल, हे सांगता येत नाही. निव्वळ देखाव्यासाठी बांधलेल्या ऑफिससमोर उद्या दुसरी शेड उभी राहू शकते.

सरकत नाही ते ऊन, वारा आणि उतार. इथेच खरी अडचण आहे. सातपूर-अंबडच्या कडेवरून अंजनेरीचा डोंगर पश्चिमेला दिसतो. देखावा सुंदर, पण पावसाची झड त्याच दिशेने येते आणि एप्रिल-मेचे तिसऱ्या प्रहरचे ऊनही तिकडूनच. तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच लावली की एसीच्या बिलात डोंगर विकत घ्यावा लागतो. दीड फुटाचा छज्जा या उन्हापुढे काहीच नाही. जुन्या नाशिकच्या वाड्यांनी ओसरी आणि चौक यांतून उन्हापावसाचा बंदोबस्त केला होता. ऑफिसला पश्चिमेकडे आठ-दहा फुटांची पडवी द्यावी, कामाचा उजेड उत्तरेकडून आणि चौकातून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाचनंतर सूर्य इतका खाली येतो की पडवीही पुरत नाही. तिथे उभ्या जाळ्या किंवा झाडेच लागतात.

उताराचेही तसेच. नंदिनी नदी अंजनेरीकडून सातपूरच्या बाजूने वाहत येऊन गोदावरीला मिळते, म्हणजे या पट्ट्यात पाणी शेताकडून कारखान्याकडे येते. सलग कंपाउंड बांधले की पहिल्या मोठ्या पावसात शेजाऱ्याचा बांध फुटतो. भिंतीला मोऱ्या ठेवाव्या लागतात. आणि काळी माती पावसात फुगते, उन्हात तडकते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. हे तिथला शेतकरी वास्तुविशारदाच्या आधी सांगेल.

ऑफिस मागे नेण्याची किंमतही आहे. पाहुण्याला आणि कर्मचाऱ्याला शेडच्या कडेने, ट्रकच्या वाटेत न येता तिथपर्यंत पोचता यायला हवे. त्यासाठी प्लॉटच्या एका बाजूने वेगळा रस्ता सोडावा लागतो, आणि तेवढी रुंदी शेडमधून कमी होते. भंगार, जनरेटर आणि रिकाम्या बॅरलना जागा पुढे, गेटजवळ, सगळ्यांच्या नजरेसमोर द्यावी लागते.