व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे दात का घासायचे?

तोंडात नळी, अंगात गुंगी, आणि नर्स त्या रुग्णाचे दात घासतेय! इथे जीव टांगणीला लागलेला असताना दातांचं काय घेऊन बसलात, असं नातेवाइकांना वाटणं साहजिकच. पण व्हेंटिलेटर लावून 48 तास उलटल्यावर जो न्यूमोनिया गाठतो, त्याचे जंतू बहुतेकदा रुग्णाच्याच तोंडाघशातून खाली उतरलेले असतात. यंत्राला उगाच बोल लावला जातो.

एरवी घास चुकून श्वासनलिकेकडे वळला की ठसका लागतो. तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे स्वरयंत्राचं दार उघडंच राहतं आणि गुंगीच्या औषधांनी ठसकाही दबतो. नळीच्या खालच्या टोकाजवळ बाहेरून एक छोटा फुगा असतो. तो फुगवून श्वासनलिकेतली फट बुजवतात. तरी लाळ त्याच्यावर साचते आणि फुग्याच्या बारीक चुण्यांतून थोडीथोडी झिरपते. फुग्यातला दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो. कमी पडला तर गळती वाढते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराला रक्त पोचत नाही. बोटांनी चाचपून हे कळत नाही, दाबमापक लावूनच बघावं लागतं.

तोंड स्वच्छ करायला पूर्वी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक सर्रास वापरत. त्याने मृत्यूचा धोका वाढत असावा अशी शंका आल्यावर 2022 सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते वगळलं. साधा ब्रश मात्र ठेवला. औषधापेक्षा घासण्याला महत्त्व आलं, हे मला तरी पटतं.

उशाकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवली, की पोटातलं वर येऊन घशात साचणं कमी होतं. गंमत अशी, की खाटेवरचा आकडा 30 दाखवतो आणि रुग्ण मात्र घसरून पायथ्याशी गेलेला असतो! मग छाती आडवीच. त्याला पुन्हा वर ओढून घ्यायला दोघं तरी लागतात.

यंत्रापासून रुग्णापर्यंत हवा नेणाऱ्या व्हेंटिलेटरच्या बाहेरच्या नळ्या मळल्या किंवा बिघडल्या तरच बदलायच्या. ठरावीक दिवसांनी बदलून फायदा होत नाही. मात्र त्यांत साचलेलं पाणी रुग्णाला कुशीवर वळवण्याआधी काढायचं, नाहीतर ते थेट त्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकतं.

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे नळी लवकर काढणं. त्यासाठी प्रकृती साथ देत असेल तर रोज गुंगीचं औषध थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे पाहतात. जाग येताच तो चुळबुळतो, नळीकडे हात नेतो. त्या वेळी नर्सने खाटेजवळून हलायचं नसतं.